बेगड लावली म्हणून गाडी बेगडी होत नाही

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ओढ्यावर नेऊन धुतात, शिंगे घासून रंगवतात, रंगावर बेगड चिकटवतात, अंगावर गेरूचे ठिपके उठवतात, पाठीवर झूल टाकतात आणि कपाळाला बाशिंग बांधतात. वेशीतल्या तोरणाखालून बैल निघतो तेव्हा तो पार बदललेला दिसतो, तरी गावातले लहान पोरही सांगते की हा अमक्याचा बैल. पुढच्या दोन सरींत गेरू धुऊन जातो, झूल घडी होऊन पेटीत जाते, बेगड सुटून पडते आणि बैल पुन्हा कामाला लागतो. ही सजावट उतरवण्यासाठीच चढवलेली असते, आणि म्हणूनच तिच्यात कोणाला लबाडी दिसत नाही. मोटारसायकलवर चढवल्या जाणाऱ्या निघणाऱ्या आवरणांचा विचार करताना हा दाखला समोर ठेवायला हवा, कारण त्या आवरणांकडे आपल्याकडे एक तर पोरकट हौस म्हणून पाहिले जाते किंवा लपवाछपवी म्हणून. माझे म्हणणे असे आहे की मूळ रंगाला धक्का न लावता चढवलेले आणि हवे तेव्हा उतरवता येणारे आवरण ही गाडीचे रूप बदलण्याची सर्वांत जबाबदार रीत आहे. कायद्याने ती साध्या नोंदीवर मोकळी करावी, आणि त्या मोकळिकीच्या बदल्यात ‘निघणारे’ हा शब्द विकणाऱ्याने खरा करून दाखवावा.

वस्तू काय आहे ते आधी पाहू. ‘नंबर प्लेट व रेडियम आर्ट’ अशी पाटी नाही असे तालुक्याचे गाव सापडणे कठीण. चमकणाऱ्या चिकटपट्टीला आपण रेडियम म्हणतो, तिच्यात रेडियम नसते. पण नाव रुळले आणि त्या नावाखाली एक अख्खा धंदा उभा राहिला. गाडीच्या टाकीवर महाराज, मागच्या मडगार्डवर आईवडिलांचा आशीर्वाद, दिव्यावर पिवळी कागदी पट्टी, एवढ्यावर पूर्वी हा धंदा चालत असे. आता त्याच दुकानांत व्हिनाइलची भेंडोळी टांगलेली दिसतात, मॅट काळी, निळसर करडी, कार्बन फायबरसारख्या विणीची. व्हिनाइल म्हणजे मऊ केलेले पीव्हीसी. ते दोन तऱ्हांनी बनते आणि सगळा फरक तिथेच पडतो. एका तऱ्हेत तापवलेला गोळा रुळांमधून दाबून पातळ पत्रा काढतात. पोळी लाटावी तसे. लाटलेले आवरण साधारण सत्तर ते शंभर मायक्रॉन जाडीचे असते, स्वस्त असते, आणि त्याला आपला मूळ आकार आठवत राहतो. ऊन लागले की ते आक्रसते, कडा मागे सरकतात आणि चिकटाची काळी रेघ उघडी पडते. दुसऱ्या तऱ्हेत पातळ द्रव गुळगुळीत कागदावर ओतून भट्टीत भाजतात. धिरडे घालावे तसे. हे ओतीव आवरण पन्नास मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक असू शकते. त्याच्यावर ताण नसतो, म्हणून ते टाकीच्या दुहेरी वळणावर शांत बसते.

हे बसवण्याचे काम पाहिले तर त्याला चिकटवणे म्हणणे अपुरे वाटते. कारागीर आधी टाकीवरचे रबर आणि बाजूची झाकणे काढतो. साखळीच्या तेलाचा बारीक फवारा मागच्या पॅनेलवर बसलेला असतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तरी तिथून आवरण सुटते. मग हीट गनने आवरण ऊबदार करून दोन्ही हातांनी ओढून टाकीवर पांघरतो आणि स्क्विजीने मधून कडेकडे हवा काढत जातो. चांगल्या आवरणाच्या चिकटात हवा निसटायला बारीक चरे असतात, त्यामुळे बुडबुडा धरत नाही. शेवटी दुमडलेल्या कडा नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापवतो, म्हणजे ताणलेले आवरण मागे येण्याचा हट्ट सोडते. पेट्रोलच्या झाकणाभोवतीची गोलाई जिथे एकसंध बसते तिथे कारागिराचा हात कळतो. हे कौशल्य आहे, आणि रेडियमच्या दुकानात अक्षरे कापत बसलेल्या मुलाला ते वर नेणारे आहे.

दुसरी जात रबरी फवाऱ्याची. अमेरिकेत हत्यारांच्या मुठी बुडवून त्यांवर पकड आणण्यासाठी जे द्रव रबर निघाले, प्लास्टी डिप या नावाने ते ओळखले जाते, त्याचेच हे फवाऱ्याचे रूप. चार-पाच हात मारले की वाळून रबरी पापुद्रा तयार होतो आणि नंतर तो कोपऱ्याला धरून सोलता येतो. यातली गोम अशी की थर जितका पातळ तितका तो काढणे अवघड; कंजूषपणे मारलेला फवारा सोलला जात नाही, चुऱ्यासारखा निघत राहतो. मोटारसायकलच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. या रबराला पेट्रोल सोसत नाही. पंपावर नळी काढताना सांडलेले चार थेंब टाकीवरून ओघळले की आवरण मऊ पडते आणि सुरकुतते. रिमला, सायलेन्सरपासून दूर असलेल्या झाकणांना हा फवारा चालतो, टाकीला नाही. तिसरी जात पॉलियुरेथेनच्या पारदर्शक जाड आवरणाची, जिला बाजारात पीपीएफ म्हणतात. तिचा हेतू रूप बदलण्यापेक्षा खडे-ओरखड्यांपासून रंग राखणे हा असतो, म्हणून तिच्यावर कोणाचा फारसा आक्षेपही नसतो.

आता या आवरणांची तुलना करायची ती कशाशी? ‘काहीच करू नका’ याच्याशी नव्हे, कारण माणूस आपल्या गाडीला काही ना काही करतोच. २०२४-२५ या एका आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी विकल्या गेल्या. एकाच कारखान्यातून, एकाच छटेच्या हजारो गाड्या निघतात. कंपनीच्या वाहनतळावर सुटीच्या भोंग्यानंतर आपली गाडी शोधणाऱ्या कामगाराला हे सांगावे लागत नाही. आपली गाडी आपली दिसावी ही इच्छा दारात रांगोळी काढण्याइतकी जुनी आणि निरुपद्रवी आहे. तेव्हा खरी तुलना पुन्हा रंगवण्याशी करायला हवी. कारखान्यात टाकीचा पत्रा रसायनांनी धुतला जातो, त्यावर गंजरोधक अस्तर बसते, मग प्रायमर, रंग आणि वरचा पारदर्शक थर, आणि हे सगळे भट्टीत भाजले जाते. सगळे थर मिळून जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. गल्लीतल्या रंगाऱ्याने ही टाकी रंगवायची म्हणजे आधी पॉलिश पेपरने हे कवच खरवडायचे, लांबी भरायची, फवारा मारायचा आणि सावलीत वाळवायचे. रंग छान दिसेलही, पण भट्टीतला थर परत येत नाही. दोन पावसाळ्यांनी झाकणाच्या कडेला फुगवटा येतो आणि त्याखाली गंज असतो. एकदा खरवडलेले कायमचे गेले. आवरण मात्र मूळ रंगाला हात लावत नाही. उलट टाकीला गुडघे घासतात, चावीच्या जुडग्याने ओरखडे उठतात, पाठीवरच्या पिशवीची चेन लागते, ते सगळे आवरण आपल्या अंगावर घेते.

असे असूनही कायद्याच्या दृष्टीने या गाडीमालकाची स्थिती धड इकडे ना तिकडे. नोंदणीसाठी जो नमुना २० भरला जातो त्यात बॉडी, विंग्ज आणि पुढच्या भागाचा ‘एक किंवा अनेक रंग’ लिहायचा रकाना असतो, आणि तो रंग नोंदणी प्रमाणपत्रावर उतरतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ म्हणते की प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. इथपर्यंत वाचले तर निळे आवरण लावलेली काळी गाडी दोषी ठरते. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे काय तेही सांगितले आहे: वाहनाच्या रचनेतला असा बदल की ज्यामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते. पन्नास मायक्रॉनच्या पापुद्र्याने रचना कोणती बदलली? हे वाचले तर तीच गाडी निर्दोष. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड अशी तरतूद केली. दंड इतका ठाम आणि व्याख्या दोन तोंडांची, अशा वेळी निर्णय कुठे होतो? नाक्यावर, नाकाबंदीत, उभ्या उभ्या. एका हवालदाराला ते चालते, दुसऱ्याला चालत नाही. शिवाय नमुन्यातल्या त्या रकान्यालाच विचारायला हवे की फक्त टाकी झाकली तर गाडीचा रंग बदलला का, बाजूची दोन झाकणे झाकली तर, रिम झाकल्या तर? रिमचा तर तिथे उल्लेखच नाही. जो नियम पाळायचा कसा हेच पाळणाऱ्याला कळत नाही, त्याने शिस्त येत नाही, फक्त भीती येते, आणि भीतीपोटी माणूस नोंद करायला पुढे येण्याऐवजी गप्प बसतो.

हेच आवरण दुसऱ्या कोणाच्या फायद्याचे असते तेव्हा मात्र आपल्याला त्याचा त्रास होत नाही. मुंबईत बेस्टची बस तिच्या ओळखीच्या लाल रंगासह डोक्यापासून चाकापर्यंत एखाद्या जाहिरातीत गुंडाळलेली फिरते. मेट्रोचे डबे गुंडाळले जातात. बस आज बिस्किटाची, तीन महिन्यांनी विम्याची दिसते, आणि तरीही ती बेस्टचीच बस आहे याविषयी थांब्यावरच्या कोणालाही शंका येत नाही, कारण तिचा क्रमांक, तिची पाटी आणि तिची नोंद जागेवर असते. हे रीतसर परवानगीने होते आणि त्यातून सार्वजनिक उपक्रमाला उत्पन्न मिळते. त्याला माझी हरकत नाही. मुद्दा एवढाच की निघणारे आवरण ओळख पुसत नाही हे आपल्या व्यवस्थेने मोठ्या वाहनांबाबत आधीच मान्य केलेले आहे. जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथे टॅक्सीला फिकट हस्तिदंती रंग असण्याचा नियम वर्षानुवर्षे होता. त्या रंगाची गाडी टॅक्सी म्हणून वापरून झाल्यावर घरगुती गिऱ्हाइकाला विकणे अवघड, म्हणून टॅक्सीवाल्यांनी दुसऱ्या रंगाची गाडी घेऊन तिच्यावर हस्तिदंती आवरण चढवायला सुरुवात केली. धंदा संपला की आवरण सोलायचे, आत कोरा रंग. सरकारने सक्तीने सांगितलेला रंगच जिथे आवरणाने दिलेला चालतो, तिथे हौसेचा रंग आवरणाने दिला तर काय बिघडते?

बिघडते, असे पोलिसांचे म्हणणे असू शकते, आणि सगळ्या आक्षेपांत हाच वजनदार आहे. सोनसाखळी चोरीच्या बातमीत ‘काळ्या मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी’ हे शब्द आपण शेकडो वेळा वाचले आहेत. घाबरलेल्या बाईला नंबर दिसत नाही, रंग दिसतो. चौकातल्या कॅमेऱ्यातही धूसर चित्रात आकार आणि रंग आधी हाती लागतो, आकडे नंतर. त्यामुळे रंग ही ओळखीची खूण नाहीच, असे म्हणणे खोटे होईल. पण ती दुय्यम खूण आहे. वाहनाची खरी ओळख चासीवर ठोकलेल्या क्रमांकात, इंजिनाच्या क्रमांकात आणि उच्च सुरक्षा पाटीत आहे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना ती पाटी कारखान्याकडूनच सक्तीची झाली आणि त्याआधीच्या गाड्यांनाही आता बसवावी लागते. त्या ॲल्युमिनियमच्या पाटीवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरने कोरलेला कायमचा क्रमांक असतो, आणि ती अशा खिळ्याने बसते की काढायला गेल्यास खिळा मोडतो. एवढी खात्रीची ओळख हाती आल्यावर रंगावर टाकलेला भार आपोआप हलका व्हायला हवा. दुसरे असे की चोरीसाठी निघालेला माणूस टाकीवर तीन तास कारागिरी करत बसत नाही. तो दुसऱ्याची गाडी उचलतो किंवा पाटी वाकवतो. आणि तिसरे, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: पोलिसांना खरोखर रंगाची माहिती हवी असेल तर मालकाने ती द्यावी अशी सोय हवी. आज निळे आवरण लावलेली गाडी सरकारी नोंदीत काळीच असते, कारण नोंद करायला जाणे म्हणजे खेटे घालणे आणि वर गुन्हा कबूल केल्यासारखे होणे. बंदीमुळे नोंद खरी राहत नाही, ती खोटी पडते. पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवावे असे याच कायद्याचे कलम ४९ सांगते. घर बदलल्याचा संशय येऊन कोणाला नाक्यावर थांबवत नाहीत. तीच रीत रंगाला लावावी. मालकाने संकेतस्थळावर गाडीचा समोरून आणि बाजूने फोटो चढवावा, दिसणारा रंग निवडावा, किरकोळ शुल्क भरावे. मूळ रंग आणि वरचा रंग हे दोन्ही रकाने नोंदीत शेजारी राहतील, आणि तपासाला आज मिळते त्याहून जास्तच मिळेल.

मोकळीक म्हणजे काहीही चालेल असे नव्हे, आणि इथे मला कडक रेघ हवी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२१ व्या नियमाने ऑलिव्ह ग्रीन हा रंग संरक्षण दलांच्या वाहनांसाठी राखून ठेवला आहे. या नियमाचे वजन किती ते २०१८ साली दिसले. दुसऱ्या महायुद्धात विमानातून छत्रीने उतरवल्या गेलेल्या ‘फ्लाइंग फ्ली’ या हलक्या मोटारसायकलच्या स्मरणार्थ रॉयल एन्फील्डने ‘क्लासिक ५०० पेगासस’ काढली. जगभरासाठी एक हजार गाड्या, त्यांतल्या अडीचशे भारतासाठी. बाहेर ती लष्करी हिरव्या रंगातही मिळाली; भारतात मात्र फक्त तपकिरी रंगात विकली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीने जो रंग सोडला, तो किंवा लष्करी गणवेशासारखा ठिपक्या-पट्ट्यांचा नमुना कोणत्याही दुकानाने गाडीवर चढवू नये. तिथे फसगत खरी आहे आणि तिचे परिणाम एखाद्या छावणीच्या फाटकावर गंभीर होऊ शकतात. तसेच नंबर प्लेट, दिवे, इंडिकेटर आणि मागचा लाल परावर्तक यांवर आवरणाचा एक तुकडाही नको. ४१४१ ला वळणे देऊन ‘दादा’ करणारी पाटी किंवा मागच्या दिव्यावर चढवलेली धुरकट काळी फिल्म हे खरे गुन्हे आहेत. अंधाऱ्या घाटात मागून येणाऱ्या ट्रकला जो ब्रेकचा दिवा दिसला नाही, तो आवरणाखाली गेला असेल तर त्या आवरणाला हौस म्हणता येत नाही. आज पोलिसांची ताकद टाकीचा रंग पाहण्यात खर्च होत असेल तर ती या ठिकाणी वळवावी.

आता विकणाऱ्याच्या बाजूकडे वळतो, कारण माझा सगळा युक्तिवाद ‘निघणारे’ या एका शब्दावर उभा आहे आणि तो शब्द आज फार सैलपणे वापरला जातो. आवरण निघते की नाही हे तीन गोष्टींवर ठरते: आवरण कोणते, रंग कोणता आणि किती दिवस. मोठे उत्पादक स्वतःच सांगतात की स्वच्छ निघण्याची हमी कारखान्याच्या शाबूत रंगावरच असते, गल्लीत रंगवलेल्या पत्र्यावर नाही. तिथे आवरणाबरोबर रंगाचा पापुद्राही येऊ शकतो. उष्ण प्रदेशात आणि आडव्या पृष्ठभागावर आवरणाचे आयुष्य कमी धरले जाते. टाकीचा माथा आडवाच असतो. मे महिन्यात अकोला, जळगाव, नागपूर, चंद्रपूर इथे पारा पंचेचाळीसच्या घरात असतो, तेव्हा उन्हात उभ्या गाडीच्या काळ्या टाकीला हात लावून ठेवता येत नाही. त्या भाजणीत स्वस्त लाटीव व्हिनाइल दोन उन्हाळ्यांत कडक होते. काढायला गेले की नखाएवढे तुकडे पडतात आणि चिकट टाकीवर राहतो. मग तो घालवायला थिनर येतो, आणि थिनर मूळ रंगाची चकाकी घेऊन जातो. काही गाड्यांत कंपनीचे स्टिकर पारदर्शक थराच्या वर असतात; आवरणाबरोबर तेही उचकटून येतात. यातली एकही गोष्ट गिऱ्हाइकाला आधी सांगितली जात नाही.

त्याहून वाईट नुकसान डोळ्याला दिसत नाही. आवरण टाकीवर बसवल्यावर जादा भाग कापायला कारागीर ब्लेड थेट टाकीवरून फिरवतो. हात जरा जड पडला की ब्लेड आवरणाबरोबर पारदर्शक थरही चिरते, कधी रंग आणि अस्तरही. केसासारखी ती चीर आवरणाखाली झाकलेली राहते. कोकणात, चार महिने भिजत राहणाऱ्या हवेत, तिथून पाणी आत शिरते आणि दोन वर्षांनी आवरण काढल्यावर टाकीभोवती गंजाची नेमकी कापल्याइतकी सरळ रेघ दिसते. यावर उपाय आहे. आत बारीक दोरा असलेली टेप मिळते; ती आधी चिकटवायची, वर आवरण बसवायचे आणि दोरा ओढायचा, आवरण त्या रेघेवर कापले जाते आणि ब्लेड टाकीला लागतच नाही. ही टेप वापरायची की नाही हा कारागिराच्या मर्जीचा प्रश्न राहू नये. दुकानदाराने पावतीवर आवरण लाटीव की ओतीव, कोणत्या कंपनीचे, किती महिन्यांत काढायचे आणि काढण्याची मजुरी किती, हे चार रकाने भरून दिले पाहिजेत. मुदतीत काढताना रंगाला इजा झाली तर भरपाईही त्यानेच द्यावी. औषधाच्या पट्टीवर तारीख छापलेली असते तशी ही तारीख. पाच-सहा हजार रुपये देणाऱ्या मुलाला एवढे कळण्याचा हक्क आहे, आणि ते पैसे बहुधा त्याच्या पहिल्या काही पगारांतले असतात.

हौसेवर पैसे उडवण्याची ही नवी सवय, असेही म्हटले जाते. ज्याच्या घरी हप्ता थकलेला आहे त्याने टाकीवर व्हिनाइल लावू नये हे खरेच. पण तो निर्णय घरातला आहे, कायद्याचा नाही. पैठणीवर खर्च किती करावा हे सरकार ठरवत नाही. पर्यावरणाचा आक्षेप मात्र मी बाजूला सारणार नाही. सोललेले पीव्हीसी कचऱ्यात जाते आणि आपल्याकडे कचरा पेटतो. पीव्हीसी जळाले की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, घशाला आणि फुप्फुसाला घातक. खरवडून पुन्हा रंगवण्यातही रसायने उडतात, धूळ उठते, म्हणून आवरण त्याहून बरे असे मी मानतो, पण ही तुलना तेव्हाच खरी ठरते जेव्हा एक आवरण काही वर्षे टिकते. दर दिवाळीला नवा रंग असा वापर झाला तर निघण्याचा हा गुणच दोष होईल. दुकानांनी सोललेले आवरण परत घेऊन गोळा करणे हा निदान पहिला टप्पा आहे. फवारा मारणाऱ्या पोराच्या तोंडाला रुमालाऐवजी बाष्प अडवणारा मुखवटा असावा, हेही इथेच सांगायला हवे. त्या डब्यात टोल्यूइनसारखी विद्रावके असतात आणि शटर अर्धे ओढून तो काम करत असतो.

उरतो तो ‘बेगडी’ हा शब्द. आपल्या भाषेने ‘बेगड’वरून खोटेपणाचा शब्द घडवला त्याला कारण आहे: बेगड सोन्याचा आव आणते. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात हा आव रोज आणला जातो. पडलेल्या गाडीची चेपलेली टाकी लांबीने भरायची, वर मॅट काळे आवरण चढवायचे आणि ‘सिंगल ओनर’ म्हणून विकायची. मॅट रंगावर उजेड पसरतो, त्यामुळे पत्र्यातला खळगा चकचकीत रंगावर दिसेल तसा दिसत नाही. अशी विक्री फसवणूकच आहे आणि तिला फसवणुकीचाच कायदा लागला पाहिजे. पण दोष आवरणाचा नाही, न सांगण्याचा आहे. पोळ्याच्या बैलाची बेगड आणि ही बेगड यांत वस्तू एकच, फरक समोरच्याला ठाऊक असण्याचा. म्हणून मालकी हस्तांतराच्या अर्जात ‘वाहनावर आवरण आहे का, आणि कोणत्या तारखेपासून’ असा एक प्रश्न घालावा आणि विकणाऱ्याने त्याखाली सही करावी. तोवर घेणाऱ्याने सीट उचलावी, टाकीची मागची कड सीटखाली जाते तिथे बोट फिरवावे. आवरणाची दुमड तिथे संपते आणि मूळ रंगाची बोटभर पट्टी उघडी असते. विकणाऱ्याला तिथला कोपरा ऊब देऊन थोडा सोलून दाखवायला सांगावे. ज्याच्या गाडीत लपवण्यासारखे काही नाही, तो हीट गन आणायला दुकानात जाईल.